रियुनियन ट्रेकच्या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू शनिवारीच वाचला आणि लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण मग ठरवलं की आधी बुकिंगच्या वेळचे आपले मेसेज आणि आम्ही पाठवलेली सामानाची यादी नीट बघायची आणि मगच लिहायचं, त्यामुळे उशीर झाला, सॉरी. बाकीचे लोकही इथे वाचतायत म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: रियुनियन बेटावर ज्वालामुखीचा ट्रेक म्हणून पैसे घेतले आणि दाखवला नुसता दगडधोंड्यांचा डोंगर, ना लाव्हा ना धूर ना खड्डा, ट्रेक मध्यम सांगितला आणि निघाला जीव काढणारा, थंडीचं नीट सांगितलं नाही, आणि शिखर अर्ध्या तासावर असताना सगळ्यांना परत फिरवलं. म्हणून पूर्ण पैसे परत पाहिजेत.

यातल्या दोन चुका शंभर टक्के आमच्या आहेत, आधी त्याच सांगतो.

तुम्ही फोनवर विचारलं होतं की आम्ही घरच्यांनी मिळून कळसूबाई केलंय, हे जमेल का, आणि आमच्याकडून उत्तर गेलं की कळसूबाई केलंय ना, मग टेन्शन नाही. असं सांगायलाच नको होतं. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची 1,646 मीटर. आपल्या ट्रेकचा डोंगर पितों दे नेज 3,070 मीटर, हिंदी महासागरातली सगळ्यात उंच जागा, आणि सिलाओस गावाजवळ ल ब्लोकला आपण गाडी सोडतो ते ठिकाण 1,380 मीटरच्या आसपास, म्हणजे नुसती चढाईच कळसूबाईच्या पूर्ण उंचीपेक्षा जास्त झाली. पहिल्या दिवशी कावेर्न द्युफूरच्या निवाऱ्यापर्यंत 1,100 मीटर, बहुतेक सगळ्या ओंडक्यांच्या नाहीतर दगडांच्या पायऱ्या, दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात उरलेले 600 मीटर, आणि मग त्याच दिवशी हे सगळं खाली उतरायचं. उतरताना शेवटी शेवटी वहिनी उलटं तोंड करून एकेक पायरी उतरत होत्या, गुडघे साथच देत नव्हते, मी खालच्या पायरीवर काठी धरून उभा होतो, आणि तेव्हाच मला कळलं की आपल्या वेबसाइटवरचा 'मध्यम' हा शब्द चुकलाय. तो बदललाय, आता तिथे 'कठीण' लिहिलंय आणि मीटरचे आकडेही टाकलेत.

दुसरी चूक यादीची. यादीत आम्ही 'हलकं जॅकेट' लिहिलं होतं, मी स्वतः परत उघडून बघितलं. उष्णकटिबंधातलं बेट म्हटल्यावर माणूस समुद्रकिनाराच डोळ्यासमोर आणणार, त्यात तुमचा काय दोष. पण दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे किनाऱ्यावर पहाटे 19-20 अंश असेल तर शिखरावर शून्याच्या आसपास, वर वारा वेगळा. जुलै म्हणजे तिथला हिवाळा, आणि डोंगराच्या नावाचाच अर्थ बर्फाचा सुळका आहे (बर्फ क्वचित पडतं, दवाचं मात्र बर्फ होतं, निवाऱ्याबाहेर गवतावर पांढरी खडीसाखर सांडल्यासारखं दिसत होतं ते तेच). आता यादीत जाड जॅकेट, लोकरीची टोपी, हातमोजे आणि रेनकोट असं स्पष्ट लिहिलंय.

आता परत फिरण्याबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही दादा, आणि परत तशी वेळ आली तर मी तेच करीन.

आपण चारच्या सुमारास निघालो तेव्हा चांदणं होतं. पाऊण-एक तासात पूर्वेकडून ढग चढला आणि वाऱ्याबरोबर बारीक पाऊस सुरू झाला. तिथली वाट म्हणजे मातीची पायवाट नाही, सुट्या दगडांच्या उतारावर खडकांवर मारलेल्या पांढऱ्या रंगाच्या खुणा बघत बघत जायचं असतं. धुक्यात टॉर्च मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, पुढची खूण दिसत नव्हती, आपल्याबरोबरचा तिथला गाइड दोनदा पुढे जाऊन खूण शोधून परत आला हे तुम्हीही बघितलंत. तरी मी थांबलो नव्हतो. मी थांबलो ते तुमच्या मुलाकडे बघून. त्याची जॅकेटची झिप उघडी होती आणि तो ती लावायचा प्रयत्न करत होता, तीन-चारदा, बोटं वळतच नव्हती, आणि मी विचारलं 'ठीक आहेस ना' तर तो 'हो' म्हणाला पण शब्द जड येत होता. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात अंगातली उष्णता उतरायला लागली की आधी बोटं जातात, मग बोलणं, आणि त्यानंतर माणसाला स्वतःला काही कळेनासं होतं. अर्धा तास वर, मग शिखरावर तोच वारा, मग तेवढंच परत खाली. गाइडने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, बोलायची गरजच पडली नाही. नऊ वाजता खाली ऊन पडलं हे खरंय, आणि तुम्हाला किती चुटपुट लागली असेल हे मला कळतं, मला स्वतःलाही लागली, पण त्या बेटावरच्या पावसाशी पैज लावायची नसते. 1966 च्या जानेवारीत एका चक्रीवादळात तिथे फोक-फोकला 24 तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला, तो आजही जागतिक विक्रम आहे.

लाव्हा दिसला नाही याबद्दल. पितों दे नेज हजारो वर्षं झोपलेला आहे, आणि आमच्या पेजवर पहिल्याच ओळीत 'निद्रिस्त' लिहिलेलं आहे. खड्डा नाही म्हणता, तर निवाऱ्याच्या वरच्या खिंडीतून आपण ज्या दरीत बघत होतो ना, खाली सिलाओसचे दिवे लुकलुकत होते, ती दरी त्या डोंगराचंच पोट आहे. ज्वालामुखीचे भाग ढासळत गेले, पावसाने कोरत नेले, आणि तीन बाजूंना सिलाओस, माफात, सालाझी अशा तीन प्रचंड कढया तयार झाल्या. माफातमध्ये तर आजही गाडीरस्ता नाही, लोक चालत जातात आणि सामान हेलिकॉप्टरने उतरतं. 2010 मध्ये युनेस्कोने या कढया, कडे आणि सुळके जागतिक वारसा केले. मला तरी हे लाव्हापेक्षा कमी वाटत नाही, पण ही माझी आवड झाली. जागता ज्वालामुखी बघायचा असेल तर तो बेटाच्या आग्नेयेला, पितों द ला फुर्नेज, जगातल्या सगळ्यात जास्त जागत्या ज्वालामुखींपैकी एक. तो दिवस ऐच्छिक होता आणि पाय दुखत असल्यामुळे तुम्ही घेतला नाही, ते समजण्यासारखंच आहे. अर्थात तिथेही रोज लाव्हा नसतो, आणि उद्रेक सुरू झाला की प्रशासन आतला भाग चालणाऱ्यांना बंद करतं, त्यामुळे लाव्हाची गॅरंटी मी कुणालाच देत नाही.

निवाऱ्यात बंक बेड आणि अंघोळीला गरम पाणी नाही हे आधी मेसेजमध्ये कळवलं होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पैशांचं असं. परत फिरलो म्हणून पैसे परत देणार नाही, कारण उद्या एखादा गाइड रिफंडच्या धाकाने कुणाच्या मुलाला वर घेऊन जाईल, ते मला नकोय. पण चुकीची माहिती देऊन तुम्हाला त्या चढावर नेलं त्याचे द्यायलाच हवेत. म्हणून डोंगरावरच्या दोन दिवसांची गाइड फी आणि निवाऱ्याचं भाडं, तिघांचं, पूर्ण परत करतोय, आज सकाळीच ट्रान्सफर टाकलीय. रिव्ह्यू बदला असं अजिबात म्हणत नाही, राहू दे तसाच.

आणि एक, मुलाला सांगा. उतरताना त्याने एक भोकाभोकांचा काळा दगड उचलून विचारलं होतं की सह्याद्रीत अशाच दगडाच्या भोकांत पांढरे स्फटिक असतात, मग इथे रिकामी का, आणि मी घाईत 'नंतर सांगतो' म्हणालो आणि ते राहूनच गेलं. भोकं म्हणजे लाव्हा गोठताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. दख्खनचा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, तेव्हापासून त्यातून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि भोकांत झिओलाइटसारखे स्फटिक वाढत गेले. त्याच्या हातातला दगड त्या मानाने कालपरवाचा. आणि दोन्ही दगड भाऊ-भाऊ आहेत, कारण पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून आपला दख्खन उसळला असं मानतात तीच आज रियुनियनच्या खाली आहे, मधल्या काळात आपली जमीन उत्तरेला सरकत गेली. दगड त्याने खाली ठेवला होता, मी न सांगता, तिथे राष्ट्रीय उद्यान आहे म्हणून. ते मी बघितलं होतं.