‘वाळवंटी सरडा आहे, त्याला काही लागत नाही’: एका दाव्याचा प्रतिवाद

बिअर्डेड ड्रॅगनचे पिलू घरी आणू पाहणाऱ्यांना समाजमाध्यमांवर एक सल्ला वारंवार वाचायला मिळतो. त्याचा आशय असा की, हा वाळवंटातला काटक सरडा आहे. आपली हवा मुळातच उष्ण असल्याने त्याला दिवे लागत नाहीत, खिडकीतले ऊन पुरते. पेटीच्या तळाशी वाळू पसरावी, घरातली पालेभाजी घालावी, पाण्याची चिंता करू नये. एकटे वाटू नये म्हणून पिले जोडीने आणावीत. आणि लहान मुलांच्या हाती द्यायला हा प्राणी अगदी निर्धोक आहे. यांपैकी एकही विधान पिलाच्या बाबतीत टिकत नाही आणि दिव्यांविषयीचे विधान तर त्याच्या जिवावर बेतणारे आहे.

प्रथम काटकपणाविषयी. पाळला जाणारा बिअर्डेड ड्रॅगन (शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स) हा पूर्व आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील निमशुष्क प्रदेशात, विरळ झाडीत आणि झुडपांच्या माळावर राहतो. तेथे तो खुंटावर चढून ऊन घेतो, तापला की सावलीला किंवा बिळात जातो. त्याच्या काटकपणाचे सारे रहस्य जागा बदलण्याच्या या मोकळिकीत आहे आणि पेटीत आपण नेमकी तीच काढून घेतो. म्हणून पेटीचे एक टोक तप्त आणि दुसरे थंड ठेवणे, ही चैन नसून किमान गरज आहे.

‘आपली हवा उष्ण आहे’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. पिलाला ऊन घेण्याच्या जागी पृष्ठभागाचे तापमान सुमारे 40 अंश सेल्सिअस लागते, तर थंड टोकाला 25 ते 28 अंश पुरतात. नागपुरात मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर गेली, तर पिलाला पळायला जागा उरत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये दिवा नसेल, तर खाल्लेले किडे पोटात पचत नाहीत. काचेवर चिकटवलेला तापमापक काचेचे तापमान सांगतो, दगडाचे नव्हे. त्यामुळे मोजमाप पिलू बसते त्या जागीच घ्यावे. (दिव्याखाली ते तोंड उघडून बसले, तर घाबरू नये, जादा उष्णता बाहेर टाकण्याची ती त्याची रीत आहे.)

खिडकीतल्या उन्हाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण (सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक प्रकार) त्वचेवर पडले की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या बळावर अन्नातील कॅल्शियम शोषले जाते. खिडकीची काच नेमके हेच किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. ऊब आत येते, उजेड येतो, पण हाडांना लागणारे काहीच येत नाही. पिलाची वाढ झपाट्याने होत असल्याने शरीर मग हाडांतलेच कॅल्शियम काढून वापरू लागते. बोटे थरथरतात, खालचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, आणि चालताना पोट जमिनीला घासू लागते. वाकलेले हाड पुढे सहसा पूर्ववत होत नाही. उपाय म्हणजे सरीसृपांसाठी बनवलेली यूव्हीबीची लांब नळी, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता बसवलेली. ती उजेड देत राहिली, तरी तिचे यूव्हीबी हळूहळू घटते. म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीनुसार, साधारण सहा ते बारा महिन्यांनी, ती बदलावी लागते. गच्चीतले थेट कोवळे ऊन उत्तमच, परंतु जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून आणि स्वतः जवळ बसून. काचेची पेटी उन्हात ठेवली तर ती भट्टी होते आणि उघड्यावरच्या पिलावर घारी-कावळ्यांचा डोळा असतो.

आहाराबाबत हा सल्ला प्रौढ प्राण्याचा आहार पिलाच्या माथी मारतो. मोठा ड्रॅगन प्रामुख्याने पाला खातो. पिलाच्या आहारात मात्र मोठा वाटा किड्यांचा असतो. रातकिडे किंवा डुबिया (खाद्य म्हणून पाळली जाणारी) झुरळे एका डब्यात घालून त्यावर चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकावी आणि डबा हलवून ते पांढुरके झाले की लगेच द्यावेत. किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिलालाच चावतात, त्यामुळे ते काढून टाकावेत. पाला सोबत द्यावाच, पण आपल्या स्वयंपाकघरातला पालक, अळू आणि माठ यांतील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते, ते शरीराला मिळू देत नाही. त्याऐवजी मोहरीचा पाला आणि किसलेला तांबडा भोपळा बरा. बाहेरून पकडलेले किडे देऊ नयेत आणि काजवा तर कधीच नाही. अमेरिकेतील काही काजव्यांमधील विषाने एकच काजवा खाऊन ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत.

वाळूविषयी थोडक्यात: घासाबरोबर ती पोटात जाते आणि ऊब किंवा पाणी कमी पडत असेल तर आतडे तुंबते. पिलाखाली साधा कागद किंवा फरशी असावी. पाणीही लागतेच, पानांवर शिंपडलेले थेंब ते चाटते. मात्र अंघोळीत ते त्वचेतून पाणी शोषते, ही समजूत निराधार आहे. पाणी तोंडावाटेच जाते.

जोडीने ठेवलेली पिले एकमेकांची बोटे आणि शेपट्या कुरतडतात आणि घरातल्या पालीसारखी यांची शेपटी पुन्हा उगवत नाही. एका पिलाने पुढचा पाय उचलून हळूहळू गोल फिरवला की पाहणाऱ्याला ते हात हलवून स्वागत करते आहे असे वाटते; वस्तुतः ती दुबळ्याची शरणागती असते. हा प्राणी एकटा राहणारा आहे, त्याला सोबतीची उणीव भासत नाही.

राहिला निर्धोकपणा. बिअर्डेड ड्रॅगन चावरा नाही हे खरे, पण निरोगी दिसणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही माणसाला जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने 2014 मध्ये साल्मोनेलाच्या एका साथीचा संबंध पाळीव बिअर्डेड ड्रॅगनशी जोडला होता आणि तिच्या रुग्णांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती तो देऊ नये, इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये विसळू नयेत.