बस आधी का डीपी आधी?

दारव्ह्याच्या फाट्यावर यवतमाळकडची संध्याकाळची गाडी गेली की कट्टा भरतो. एसटीत इलेक्ट्रिक गाड्या येणार ही बातमी सगळ्यांनी वाचलेली होती, पुन्हा सांगायची गरज नव्हती. नेताजींनी बूड टेकायच्या आधीच सुरुवात केली.

"धूर बंद आता. मी वरपर्यंत बोलून ठेवलं हाय. पुढच्या दिवाळीले आपल्या फाट्यावर बिजलीवरची एसटी उभी दिसन."

"उभीच दिसन," मिस्त्री म्हणाला. "चालाले लाइन कोन देते?"

"अबे, चार्जर लावला का झालं! मोबाइलसारखं."

मिस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला. मिस्त्रीनं कप खाली ठेवला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा आमच्या कट्ट्याचा रिवाज.

"मोबाइलचा चार्जर २० वॅटचा असते, नेताजी. बसचा दोन गनचा, म्हंजे गाडीत खुपसायच्या दोन प्लगांचा, २४० किलोवॅटचा. १२ मीटरच्या गाडीत ३०० युनिटच्या आसपास बॅटरी बसते. वायरमनभाऊ, गावातली ट्रान्सफॉर्मरची डीपी केवढी?"

"शंभर केव्हीए. अन थेबी तापूनच रायते."

"मंग पाह्यजा. एका चार्जरले असल्या तीन डीप्या पायजेत. दहा लावले तं २,४०० किलोवॅट झाले. ११ केव्हीचा वेगळा फीडर, पॅनल, ट्रान्सफॉर्मर, मीटरिंग. गाडी कारखान्यातून निंघते, ट्रान्सफॉर्मरची फाइल टेबलावरून निंघत नाई."

"म्हंजे आपल्याकडं होतच नाई मन ना," गुरुजी म्हणाले.

"होते ना! २,४०० लागतच नाई गुरुजी, हेच तं कोनी सांगत नाई. २० गाड्या धरा. रातच्याले एकेकीत २४० युनिट भरायचे. झाले ४,८०० युनिट. आठ तासांत वाटून देल्ले तं ६०० किलोवॅट. गळती-बिळती धरून ७०० म्हना. विहिरीवर दोन मोटारी असल्या तं आपन पाळी लावतो का नाई? तसंच. पन दहा वाजता गाड्या आल्या अन सगळ्या गना एकदमच ठोकल्या, का मीटरवर मॅक्झिमम डिमांड, म्हंजे महिन्यातला सगळ्यात जास्त लोड, चढली. मंग एका रातीच्या घाईपायी महिनाभराचं बिल फुगते."

हा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रिक बसची चर्चा गाडीच्या रंगावर नि एसीवर होते, पण तिचा खर्च ठरतो तो रात्री डेपोत कोणती गन कितीला लागली यावर. मिस्त्रीच्या अंदाजानं डिझेलची गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला १८ ते २० रुपये नुसत्या डिझेलचे. बिजलीवर सव्वा-दीड युनिट लागतं. युनिट नऊ-दहा रुपयांचं धरलं तरी पंधराच्या आत काम. ही बचत खरी आहे, आणि पाळी न लावणारा डेपो ती डिमांड चार्जमध्ये घालवून बसतो.

"अन उन्हाळा?" वायरमननं विचारलं. "मे महिन्यात ४६ डिग्री."

"थे खरं दुखनं. सेल ४५च्या वर गेले का बीएमएस, म्हंजे बॅटरीवर नजर ठेवनारा कॉम्प्युटर, ताकद कापते. म्हनून बॅटरीले थंड पान्याचा वेगळा चिलर देते. वरून पॅसेंजरचा एसी. यवतमाळहून नागपूर १५० किलोमीटर. थे एका चार्जात गाठते, पन तिथं गन लावल्याशिवाय वापस येनं नाई. अमरावती जाऊन-येऊन १८०, म्हंजे मे महिन्यात जीव मुठीत. शहरातल्या शहरात फिरनाऱ्या गाडीले ही पंचाईतच नाई, थे दुपारी डेपोत येऊन तासभर भरून घेते. म्हनून सुरुवात शहरातून."

मग त्यानं बोटांनी दाखवलं, साधारण अर्धा इंच. "आपल्याकडं जिनिंग सुरू झालं का चार्जरच्या फिल्टरवर एवढा थर. कापसाचा फुफाटा अन धूळ मिळून गोधडीसारखा. पंखा फिरते, हवा जात नाई, चार्जर तापते अन आपोआप अर्ध्यावर येते. लोक म्हनते चार्जर खराब झाला. अरे बाप्पा, फिल्टर काढ, आतून भाईर हवा मार, पाच मिनिटांचं काम! बसच्या एसीच्या कंडेन्सरचं तसंच. पन थो फवारनीच्या प्रेशरनं धुवू नका, पत्तीच्या फिन वाकते. दिवाळी ते होळी दर आठवड्याले हे केलंच पायजे."

कंडक्टर मामा इतका वेळ सुपारी कातरत बसले होते. आज फुकटात यवतमाळ करून आल्यामुळे स्वारी खुशीत होती. "बंद पडली तं धक्का कोन मारन?"

"धक्क्याचं नाव नका काढू, मामा. पयले २४ व्होल्टची छोटी बॅटरी पाह्यजा. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली अन गाडी मेलेली, असं होते. काऊन? कॉन्टॅक्टर, म्हंजे मोठ्या बॅटरीचा स्विच, ओढाले, कॉम्प्युटर जागा कराले करंट लागते थो छोट्या बॅटरीचा. तिच्या टर्मिनलवर पांढरं साचलं, का तिले भरनारा डीसी-डीसी कन्व्हर्टर गेला, का गाडी उठतच नाई. अन ओढून न्यायची असन तं मागच्या अ‍ॅक्सलच्या शाफ्टा काढल्याशिवाय नाई. चाक फिरलं का मोटर फिरते, मोटर फिरली का करंट तयार होते, अन थो इन्व्हर्टरले जाळते."

नेताजींना हे झेपेना. त्यांनी थेट युरोप गाठलं. "यापेक्षा ट्रामच आना ना! आपल्या नागपुरात ट्राम पायजे. मी निवेदन देतो."

"अबे, आपली शकुंतला तं सुरू कर पयले!" वायरमन ओरडला. मूर्तिजापूर-यवतमाळच्या त्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचा, तिच्या ७६२ मिलिमीटर रुळांचा विषय निघाला की दारव्ह्यात कोणाचंही रक्त तापतं. १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली ती गाडी नेताजींनी किती निवेदनांत सुरू केली, याची मोजदाद झाली. आकडा अकरावर थांबला.

गुरुजी मात्र ट्रामच्या बाजूनं उभे राहिले. "हसू नका. मुंबईत ७ मे १९०७ले बिजलीची ट्राम धावली, ३१ मार्च १९६४ले बंद केली. कलकत्त्यात १९०२पासून बिजलीवर. बॅटरीच नाई, तं बदलायचा खर्चबी नाई."

"बरोबर हाय," मिस्त्री म्हणाला. "लोखंडाचं चाक लोखंडावर, टायरपेक्षा कितीतरी कमी ताकद लागते. पन वरची तार पायजे, दीड-दोन किलोमीटरवर सबस्टेशन पायजे, अन रूळ मोकळा पायजे. रुळावर एक ऑटो उभा रायला का मांगच्या चार ट्रामा उभ्या. बस बाजूनं काढता येते. रस्ता राखून देल्ला तं ट्रामसारखी गोष्ट नाई. देते का कोनी?"

कोणी बोललं नाही. मग गाडी करारावर आली. एसटीनं २०२३मध्ये ५,१५० इलेक्ट्रिक गाड्यांचं ठरवलं, किलोमीटरमागे खाजगी कंपनीला पैसे, ड्रायव्हर कंपनीचा, कंडक्टर महामंडळाचा. मामांना हे मुळीच मान्य नाही. "एका गाडीत दोन मालक!"

"मालकापेक्षा शिकवन पाह्य," मिस्त्री म्हणाला. "क्लच नाई, गिअर नाई, अन पाय ठेवला का मोटर पयल्या क्षनाले पुरा जोर देते. जुन्या ड्रायव्हरचा डावा पाय क्लच धुंडते. डिसेंबर २०२४मध्ये मुंबईत कुर्ल्याले बेस्टच्या इलेक्ट्रिक बसचा अपघात झाला तवा हाच सवाल निंघाला. रिकाम्या गाडीवर, भरल्या गाडीवर, पावसात, असं शिकवाले पायजे. दोन-तीन दिवसांत जमत नाई थे."

"खाजगी आलं का लुटच," नेताजी मान हलवत म्हणाले.

"लुटीचं तू बोलू नको!" मामा उसळले. "संपाच्या वक्ती तुह्या काळीपिवळीनं यवतमाळचे दुप्पट घेतले होते. माह्याकडूनबी!"

"तुम्हाले आता तं फुकट हाय ना! पंच्याहत्तरवाले."

गुरुजींनी चष्मा काढला. "थांबा. मामा, तुह्या निरोप समारंभाले २०१३ले भाषन मीच देल्लं. एसटीत अठ्ठावन्नाले घरी धाडते. २०१३ले अठ्ठावन्न, तं पंच्याहत्तर २०३०ले होते ना बे?"

मामांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मिस्त्रीला चहाचा ठसका लागला. वायरमन बोटं मोजत बसला. "मॅक्झिमम डिमांड चढली, मामा!" तो म्हणाला, आणि चहावाल्यासकट सगळा फाटा हसत सुटला.