हिवाळी अहवाल लिहिताना घ्यावयाची काळजी

प्रथम अभिनंदन. आमदारसाहेबांचा वर्षाच्या कामाचा अहवाल लिहायचं काम तुमच्याकडे आलं, म्हणजे तुमचं मराठी चांगलं आहे असं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलेलं दिसतं. त्या माणसाचं नंतर बघू. आधी काम. नागपूरचं अधिवेशन संपलं की आठ दिवसांत अंक हातात पाहिजे, कारण तो नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेत घडी घालून घरोघर जातो. दिनदर्शिका खिळ्याला टांगली जाते. अहवाल कुठे जातो ते विचारू नका. परवा मला भेळ त्यातच मिळाली.

मी डीटीपीवाला. १४ वर्षं आमदारांचे अहवाल जुळवतोय, सत्तेतल्यांचे आणि विरोधातल्यांचेही. एकदा घाईघाईत एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फोटोंना लागला. दोन हजार प्रती वाटून झाल्या, एकही फोन आला नाही. तेव्हापासून मजकुराच्या बाबतीत मी निर्धास्त आहे. तुम्हीही राहा.

जीव लावायचा तो मुखपृष्ठाला. वरच्या पट्टीत नेत्यांचे गोल फोटो येतात. कोण डावीकडे, कुणाचा गोल केवढा, यात तीन दिवस जातील, जाऊ द्या. तालुकाध्यक्षांचा गोल शहराध्यक्षांपेक्षा दोन मिलिमीटर लहान झाला म्हणून मी एक अख्खी रात्र छापखान्यात काढलेली आहे. आणि धंद्यातली एक गोष्ट फुकट सांगतो: ती पट्टी कोरलमध्ये वेगळ्या लेयरवर ठेवा. जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटले तेव्हा ज्यांनी ती तशी ठेवली नव्हती त्यांना पान पहिल्यापासून लावावं लागलं. ज्यांनी ठेवली होती त्यांनी एक लेयर बंद केला, दुसरा चालू केला आणि घरी जाऊन जेवले. खाली ‘निष्ठा हीच ओळख’ अशी ओळ होती, तिला हातसुद्धा लावावा लागला नाही.

आता भाषा. ‘केलं’ हे क्रियापद जपून वापरा. ‘रस्ता केला’ असं लिहिलंत की एखादा रिकामटेकडा तो बघायला जातो. आपल्याकडे त्यासाठी ‘पाठपुरावा’ आहे. पाठपुरावा बघायला कुणी जाऊ शकत नाही. एक किलोमीटरचा रस्ता घ्या. गावकऱ्यांचं निवेदन स्वीकारलं, ही एक बातमी. मंत्रिमहोदयांना पत्र दिलं, ही दुसरी. त्यांनी कोपऱ्यात ‘तपासून सादर करा’ असा शेरा मारला, ही तिसरी, आणि या शेऱ्याचा फोटो मोठा करून टाका, कारण सही वळणदार असते. मग तत्त्वतः मंजुरी, मग अर्थसंकल्पात तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. झाल्या नऊ. वर्षाला दोन घेतल्या तर साडेचार वर्षं निघतात, आणि उरलेल्या सहा महिन्यांत आचारसंहिता लागायच्या आत नारळ फोडायचेच असतात. या सगळ्यात खडी कुठेही येत नाही. खडी आली की धूळ येते, आणि धुळीवरून तक्रारी येतात.

आमदार निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी झाला, तो एका ओळीत सांगून वाया घालवू नका. प्रत्येक हायमास्ट दिवा वेगळा, प्रत्येक सभामंडप वेगळा, पेव्हर ब्लॉक तर गल्लीच्या नावानिशी. एखादं काम आमदार निधीच्या यादीत आणि ग्रामविकास खात्याच्या २५-१५ या निधीच्या यादीतही दिसलं तर खोडू नका. दोनदा विचार केलेला आहे असं समजा.

बाकी कोणतं काम कुणाच्या अखत्यारीत, हा घोळ तुम्हाला सुरुवातीला जड जाईल. गटार आणि गल्लीतला दिवा नगरपालिकेचा. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर, ठाण्यातला पोलिस, कालव्याचं पाणी राज्याचं. सोयाबीनचा हमीभाव केंद्राचा. हे सगळं पाठ करा आणि विसरा. काम झालं असेल तर ते साहेबांच्या प्रयत्नातून, नसेल झालं तर वरच्याकडे किंवा खालच्याकडे. सोयाबीनवर एक चौकट लागेलच. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, तो ठळक टाइपात टाका. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावरून पोतं परत येतं, ते टाकू नका. बाजारात काय भाव मिळाला ते तर नकोच. भाव केंद्राचा, ओलावा निसर्गाचा, बारदाना कुणाचाच नाही, फोटो तेवढा आपला.

अतिवृष्टीच्या पानावर मात्र मन लावा, कारण ते पान लोक खरोखर वाचतात. साहेब बांधावर उभे असलेला फोटो घेऊ नका. चिखलात उतरून कुजलेल्या शेंगा ओंजळीत धरलेला घ्या, आणि मागे छत्री धरणारा दिसत असेल तर त्याला कापा. आकड्यांचा नियम असा: मदत जाहीर करताना कोटीत लिहायची. ऑक्टोबर २०२५ चं पॅकेज ३१,६२८ कोटींचं, तो आकडा सबंध छापा. हेक्टरवर उतरलंत की अडचण सुरू होते. २०२५ च्या आपत्तीच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५०० होते. ते कुणी गुंठ्यावर आणलं तर ८६ रुपये होतात, आणि ८६ रुपयांचा हिशेब शेतात उभ्या असलेल्या कुणालाही तोंडी करता येतो. म्हणून अहवालात गुंठा हा शब्द येता कामा नये. जमिनीच्या जाहिरातीत आला तर चालेल. ती शेवटच्या पानावर आहेच.

मधली दोन पानं नागपूरची. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन तिथे घ्यायचं ठरलं, ते किती दिवसांचं हे ठरवायचं राहून गेलं. २०२४ साली १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवसांत उरकलं. साहेब विरोधात असतील तर विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा फोटो लागेल, गळ्यात कापसाची नाहीतर कांद्याची माळ घालून. सत्तेत असतील तर मंत्र्याच्या टेबलासमोर वाकलेला. एकच माणूस पाच वर्षांत दोन्ही फोटोंत सापडतो, तेव्हा तारखा तपासून लावा.

मग तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो. ‘सभागृहात आवाज उठवला’ या मथळ्याखाली प्रश्न छापायचा, उत्तर नाही. उत्तर का नाही, ते एकदा नजरेखालून घाला. आमच्या ओढ्यावरच्या पुलाचा प्रश्न होता. (१) सदर पुलाचे काम रखडले असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व कोणती कार्यवाही करण्यात आली? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर आलं: (१) अंशतः खरे आहे. (२) व (३) काम प्रगतिपथावर आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

मी पावसाळ्यात त्या पुलाला वळसा घालून अकरा किलोमीटर लांबून दुकानात येतो. प्रश्न मला रोज उद्भवतो. पण मी तारांकित नाही.

एक गोष्ट चुकूनही घालू नका, ती म्हणजे कायदे. २८८ आमदारांना मुळात त्यासाठीच निवडून देतात, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतं, ते तिथेच बरं. २०२४ च्या त्याच सहा दिवसांत ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरचा जादा खर्च, मांडल्या गेल्या. हे छापलंत तर कुणीतरी विचारेल, साहेबांनी यातला कुठला खर्च कमी करा अशी कपात सूचना दिली? विधेयकावर बोलले का? मत कोणीकडे दिलं? आवाजी मतदानात ‘होय’चं बहुमत झालं की झालं, त्या होयमध्ये साहेबांचा होय होता की ते त्या वेळी कँटीनमध्ये तर्री-पोह्यांसमोर होते, हे कागदावर राहत नाही.

एका नवख्या सहायकाने हा उद्योग केला होता. पोरगा एलएलबी झालेला. एका विधेयकावर पानभर सोपं लिहून आणलं: काय बदललं, कुणाला फायदा, साहेबांनी कोणती दुरुस्ती सुचवली. साहेब खरंच बोलले होते त्यावर, वीस मिनिटं. मी वाचलं, मला पहिल्यांदा काहीतरी कळलं. साहेबांनी प्रूफ पाहिलं, पानावर आडवी रेघ मारली.

‘‘बाळा, याच्या जागी हायमास्टचा फोटो घे.’’

‘‘साहेब, पण हे तर तुमचं खरं काम...’’

‘‘म्हणूनच. हे वाचून मत कोण देणार?’’

पोरगा हिरमुसला. मी त्याला चहा पाजला आणि पान स्वखर्चाने चारशे प्रतींत घातलं, शिल्लक कागदावर, बघू तरी काय होतं म्हणून. जनसंपर्क कार्यालयात आठवडाभर फोन आले. आमच्या गल्लीचं नाव राहिलं. सभामंडपाच्या फोटोत आमचे दादा कापले गेले. दिनदर्शिकेत संकष्टीला लाल ठिपका नाही. विधेयकाबद्दल एकही नाही. साहेबांना पान घातल्याचं कळलंही नाही, मतदारांनाही नाही. म्हणजे साहेब आपल्याला ओळखून आहेत, आपणच आपल्याला ओळखत नाही म्हणून उगाच अहवालाला नावं ठेवतो.

असो. तुम्हाला कोऱ्यापासून लिहायची गरज नाही. गेल्या वर्षीची फाइल माझ्याकडे आहे, ‘अहवाल फायनल ३ साहेब ओके’ नावाची. त्यात साल बदला, हार-तुऱ्यांचे नवे फोटो टाका, वाढदिवसाचं पान पुढे घ्या. पुलाची ओळ पान सातवर आहे, ‘काम प्रगतिपथावर’. ती लॉक केलेली आहे, हलणार नाही.

शेजारी भूमिपूजनाचा फोटो आहे, कुदळ हातात घेतलेला. त्यात साहेबांचे केस काळे आहेत. नवा फोटो काढू या का म्हणून मी परवा फोन केला होता. नको म्हणाले, तोच राहू दे, चांगला आलाय.