व्हॉइसमेल बदला म्हणे! ट्रेकवाल्या त्या फॉरवर्डचं एकदाचं काय ते

पाऊस सुरू झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. यंदा आत्याने टाकला, खाली "तू सारखा डोंगरात जातोस म्हणून पाठवलं, नक्की वाच". मी वाचला. मग ट्रेकच्या दोन ग्रुपवर तोच आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, आणि एका पोराने तर शनिवारी बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंगरात हरवलात तर मोबाईलच्या सहा ट्रिक्स जीव वाचवतील असं त्यात म्हटलंय. एक, रेंज नसेल तर व्हॉइसमेलचा मेसेज बदलून तिथे आपलं ठिकाण सांगा. दोन, बॅटरी संपली तर *3370# दाबा, लपवलेली 50 टक्के बॅटरी मिळते. तीन, नेट नसेल तर जीपीएस चालत नाही, त्यामुळे नकाशावर वेळ घालवू नका. चार, 112 हा नंबर सॅटेलाइटवरून लागतो, रेंज लागत नाही. पाच, मोबाईल वीज खेचतो, ढग गडगडले की सगळ्यांचे फोन बंद करून लांब ठेवा. सहा, परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर मागवून घ्या, कुठूनही मेसेज जातो.

व्हॉइसमेलपासून सुरू करू, कारण याची मला सगळ्यात जास्त मजा वाटते. व्हॉइसमेलचं जे रेकॉर्डिंग असतं ते तुमच्या फोनमध्ये नसतंच, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं. म्हणजे ते बदलायला तुम्हाला कॉल करावा लागणार, कॉलला रेंज लागणार, आणि रेंज असेल तर बाबा रे व्हॉइसमेल कशाला बदलतोस, सरळ फोन कर की! हा फॉरवर्ड मुळात इंग्रजीत फिरत होता, तिकडे लोक व्हॉइसमेल वापरतात म्हणून निदान ऐकायला तरी बरा वाटतो. आपल्याकडे तुमच्या ओळखीतल्या किती जणांचा व्हॉइसमेल चालू आहे सांगा. आपल्याकडे "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता" ही बाईच बोलते आणि ती तुमचं ठिकाण कुणाला सांगणार नाहीये. रेंज अगदीच लुळी असेल, एखादी काडी येतेय-जातेय, तर कॉलच्या मागे न लागता एसएमएस करा. तो इतका छोटा असतो की काडी दोन सेकंद आली तरी निघून जातो, कॉल तेवढ्यात जोडलाही जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे हां, साधा एसएमएस.

*3370# बद्दल फार लिहायची इच्छा नाही पण यात एक गंमत आहे. हा कोड खरा होता! जुन्या नोकियाच्या फोनवर तो दाबला की कॉलमधला आवाज जास्त चांगला यायचा, त्याला एन्हान्स्ड फुल रेट म्हणायचे, आणि त्यात बॅटरी उलट जास्त जायची. म्हणजे फॉरवर्डवाल्याने कोड बरोबर दिलाय आणि परिणाम बरोब्बर उलटा. आजच्या स्मार्टफोनवर दाबलात तर बहुतेक इनव्हॅलिड एमएमआय कोड असा मेसेज येईल आणि स्क्रीन उगाच पेटली म्हणून थोडी बॅटरी जाईल तेवढंच.

बॅटरी खरंच खाते कोण, तर रेंजची शोधाशोध. घळीत शिरलात की फोन टॉवर शोधत बसतो, जोर लावून सिग्नल फेकतो, आणि तुम्ही एकही फोटो न काढता दुपारपर्यंत 40 टक्क्यांवर येता. एअरप्लेन मोड टाका, गोष्ट संपली. आणि पॉवर बँक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हे मी अनुभवाने सांगतोय. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर गुहेत मुक्काम, दिवसभर फोन पँटच्या खिशात, खिसा ओला, रात्री बघतो तर 9 टक्के. म्हटलं काळजी नाही, 20000 एमएएचची पॉवर बँक फुल्ल आहे. केबल लावली आणि स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चित्र, पोर्ट ओला आहे, चार्जिंग बंद. पुसून झालं, फुंकून झालं (फुंकू नये म्हणे, पाणी आत जातं), टीशर्टच्या आतल्या कोरड्या कोपऱ्यात गुंडाळून पोटाशी धरून झोपलो, सकाळी सहाला कुठे चार्ज घ्यायला लागला. भरलेली पॉवर बँक उशाशी आणि फोन मरायला टेकलेला, बसा. तेव्हापासून फोन झिपवाल्या पिशवीत आणि पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात, खिशात नाही.

आता तिसरा. हा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण यावर चांगले शिकलेले लोकसुद्धा विश्वास ठेवतात. नेट नाही म्हणजे जीपीएस नाही. अहो, जीपीएसचे उपग्रह वर 20000 किलोमीटरवर फिरतायत आणि सतत आपली वेळ आणि जागा ओरडून सांगतायत, तुमचा फोन फक्त ऐकतो. आकाशवाणी ऐकायला रेडिओला नेट लागतं का? तसंच हे. चार उपग्रह नीट ऐकू आले की फोन गणित करून तुम्ही कुठे आहात ते काढतो, सिम नसलं तरी, एअरप्लेन मोड असला तरी (आताच्या फोनवर, फक्त लोकेशन चालू ठेवा).

मग लोकांना असं का वाटतं? दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत म्हणूनच गोंधळ होतो. पहिलं म्हणजे नेट असलं की फोन उपग्रहांची माहिती नेटवरून झटकन उचलतो आणि जागा दोन सेकंदात सापडते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडूनच ऐकत बसावी लागते आणि ती अगदी मुंगीच्या पावलाने येते, अर्धा मिनिट तर लागतोच, झाडी असेल तर कितीतरी जास्त. माणूस दहा सेकंद बघतो, नाही म्हणतो, बंद करतो. म्हणून पायथ्याच्या गावात, उघड्यावर, चहा पिता पिता एकदा लोकेशन लावून घ्यायचं. दुसरं म्हणजे जागा सापडते पण नकाशाच नसतो! करड्या कागदावर निळा ठिपका. नकाशा नेटवरून येतो, तो घरी वायफायवर उतरवून ठेवायचा असतो. आणि गुगल मॅप्सचा ऑफलाइन भाग उतरवून उपयोग कमी, त्यात गाडीरस्ते असतात, गडावरच्या पायवाटा कुठून असणार. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड ही अ‍ॅप घ्या, ती ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या खुल्या नकाशावर चालतात आणि त्यावर आपल्याच लोकांनी बऱ्याच वाटा चढवल्यात.

त्याच हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला सकाळी देवळापासून कोकणकड्याकडे निघालो होतो. धुकं असं की पुढचा माणूस म्हणजे नुसता त्याच्या रेनकोटचा रंग. वाट ओढ्यासारखी वाहत होती आणि जिथे तिथे पाणीच वाहत असल्यामुळे वाट कुठली आणि ओढा कुठला हेच कळेना. फोन काढला तर स्क्रीनवर पावसाचे थेंब पडतायत आणि थेंबांनाच तो बोट समजतोय, नकाशा आपोआप झूम होतोय, मधेच कॅमेरा उघडतोय, माझं बोट मात्र ओलं म्हणून ओळखत नाही. शेवटी मित्राने वर पोंचो धरला, टोपीच्या आतल्या बाजूला बोट पुसलं, तेव्हा कळलं की आम्ही ठरवलेल्या वाटेपासून ऐंशी-नव्वद मीटर डावीकडे सरकलोय. तिथून गपगुमान मागे फिरलो, कडा बघायचा राहिला तो राहिलाच. पायथ्याच्या पाचनई गावात खाली आलो तर भाकरी करणारी मावशी म्हणाली, धुक्यात कडा बघून काय दिसणार होतं तुम्हाला, धुकंच ना. बरोबर आहे.

पण जीपीएस चालतो म्हणजे देव नाही. उघड्यावर पाचेक मीटरची चूक धरून चला, आणि नाळेत (म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत) किंवा उभ्या कड्याच्या पोटात असाल तर सिग्नल कातळावर आपटून येतो आणि ठिपका इकडे-तिकडे नाचतो. कड्याच्या काठावर पाच मीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, तिथे डोळे वापरा. उंची तर आणखी गमतीची. कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून माझा एक जुना अ‍ॅप 1580 मीटर दाखवायचा, खरी उंची 1646. मी कितीतरी दिवस फोनला शिव्या घातल्या. नंतर कळलं की जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती गोळ्यापासून, आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोळ्याच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. चांगले अ‍ॅप ती दुरुस्ती करून दाखवतात, काही करत नाहीत. होकायंत्राचंही तसंच, चुंबकाची झडप असलेलं कव्हर असेल तर उत्तर दिशा कुठेही दिसेल.

112. हा सॅटेलाइटवरून लागत नाही. इतकंच खरं आहे की तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर कॉल त्यावरून जातो, स्क्रीनवर इमर्जन्सी कॉल्स ओन्ली दिसतं ते तेच. म्हणून रेंज नाही असं वाटलं तरी 112 लावून बघायला काही हरकत नाही. पण कुठलाच टॉवर नसेल तर नाही लागणार, आणि लागेल या भरवशावर घळीत बसून राहिलात तर रात्र होईल. आयफोन 14 पासून सॅटेलाइट एसओएस (रेंज नसताना उपग्रहावरून मदत मागायची सोय) आलं हे खरं, नोव्हेंबर 2022 मध्ये आधी अमेरिका आणि कॅनडात सुरू झालं, पण त्याचा 112 शी काही संबंध नाही आणि आपल्या सह्याद्रीत त्यावर विसंबून जाऊ नका. फोन लागलाच तर समोरचा पहिलं विचारणार कुठे आहात, आणि "एका मोठ्या झाडाजवळ" हे उत्तर होत नाही. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ठिपक्यावर बोट दाबून धरा, दोन आकडे येतात, आपल्याकडच्या घाटवाटांवर पहिला बहुतेक 17 ते 20 मधला आणि दुसरा 73 ने सुरू होणारा, दशांशानंतर चार आकडे सांगितले की साधारण 11 मीटरच्या आत तुम्ही सापडता. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, लोणावळ्याकडे शिवदुर्ग या बचाव पथकाची पोरं आहेत, हे नंबर निघायच्या आधीच सेव्ह करा. आणि पॉवर बटन भराभर दाबून एसओएस जायची सोय बहुतेक फोनवर असते, कुठे तीनदा कुठे पाचदा, सेटिंगमध्ये बघून ठेवा कारण ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही हे वर सांगितलंच.

वीज. मोबाईल वीज खेचत नाही. तळहाताएवढी वस्तू ढगाच्या दृष्टीने काहीच नाही, वीज बघते उंच काय आहे आणि एकटं काय आहे, आणि माथ्यावर तुम्ही स्वतःच ते असता, फोन असो वा नसो. फोनला घाबरायची गोष्ट बहुधा वायरवाल्या लँडलाइनपासून आली, तिथे वायरमधून धक्का येऊ शकतो हे खरंय. माझा राग वेगळाच आहे. या मुद्द्यामुळे काय होतं, तर मंडळी फोन बंद करून सॅकमध्ये टाकतात, आता आपण सेफ म्हणतात आणि सगळे मिळून एका झाडाखाली चिकटून उभे राहतात! किंवा कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रेलिंग धरून रांगेत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. दहाच्या आत आलं की माथा आणि धार सोडायची, शिडीपासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून. आणि त्याआधी, रेंज असेपर्यंत, तोच मोबाईल कामाचा आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरमध्ये वीज कुठे पडतेय ते दाखवतं. मे-जून आणि ऑक्टोबरच्या दुपारी तर निघताना बघाच.

शेवटचा मुद्दा वाचून मात्र मी आत्याला लगेच फोन केला, कारण हा सल्ला ऐकून माणूस डोंगरात नाही, पोलीस स्टेशनात अडकेल. भारतात सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. 26/11 च्या हल्ल्यात अतिरेक्यांकडे सॅटेलाइट फोन होते, त्यानंतर तर हे फारच कडक झालं. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडाच्या बाईंना ताब्यात घेतलं, त्यांच्याकडे गार्मिन कंपनीचा इनरीच हा सॅटेलाइट मेसेंजर होता, जगभर ट्रेकर्स सॅकच्या पट्ट्याला लटकवून फिरतात तोच. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी बीएसएनएलची परवानगीवाली सेवा आहे, पण ती रविवारी राजमाची करणाऱ्यांसाठी नाही. मला विचाराल तर नियम ट्रेकर्सच्या बाबतीत थोडा सैल व्हायला हवा, पण होईपर्यंत परदेशातल्या भाच्याला "येताना आण" सांगू नका.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर आत्याचं उत्तर आलं, "मग मी काय करू, तू पोचेपर्यंत जीव टांगणीला." तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री तिला एक मेसेज जातो. कुठला गड, कुठल्या वाटेने वर आणि कुठल्या वाटेने खाली, किती जण, पायथ्याच्या गावातल्या मामांचा नंबर, आणि रात्री आठपर्यंत माझा फोन नाही आला तर आधी मामांना आणि मग रेस्क्यूवाल्यांना लावायचा. ती त्याखाली "जपून जा" लिहिते, तीन गुलाबाची फुलं टाकते, आणि मी सव्वासातलाच गाडीत बसून फोन करतो, कारण एकदा आठ वाजून दहा मिनिटांनी केला होता तर मामांनी दोन पोरं टॉर्च घेऊन वाटेला लावली होती.