अलाबामा, लिंबूटिंबू आणि 18 चा हिशेब

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुनी पोस्ट हमखास परत येते. तिचं म्हणणं असं: अलाबामा विद्यापीठाच्या 18 राष्ट्रीय विजेतेपदांतली निम्मी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलीत, उरलेली लिंबूटिंबू संघांना झोडपून मिळवलीत, हा संघ दुसऱ्याच्या अंगणात खेळायला जात नाही, आणि 2011 व 2017 ला तर मागच्या दाराने आत शिरला. मी राहतो अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये. इथे दुकानदार सुटे पैसे परत देतानाही ‘रोल टाइड’ ही या संघाची आरोळी ठोकतो. तेव्हा मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये. पण बेरीज-वजाबाकी करायला तटस्थ असावं लागत नाही.

आधी 18 चा हिशेब. या खेळात सर्वोच्च श्रेणीचं विजेतेपद एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, देतच नाही. पहिला आणि दुसरा क्रमांक समोरासमोर येतील अशी पक्की व्यवस्था झाली 1998 च्या हंगामापासून. त्याआधी पत्रकार मतं द्यायचे, प्रशिक्षक वेगळी मतं द्यायचे, आणि कुणी घरबसल्या आकडेमोड करून आपला विजेता जाहीर करायचे. एकाच वर्षाचा मुकुट दोन-दोन विद्यापीठांच्या डोक्यावर दिसतो तो त्यामुळे.

1941 चं विजेतेपद लाजिरवाणं आहे, हे मी आधीच कबूल करतो. त्या वर्षी अलाबामा दोन सामने हरला, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांच्या यादीत विसावा आला आणि विजेता ठरला मिनेसोटा. हूलगेट नावाच्या एका आकडेमोडीने अलाबामाला पहिलं ठरवलं होतं, तेवढ्या आधारावर विद्यापीठाने पुढे कित्येक वर्षांनी ते खात्यात जमा करून घेतलं. खोडून टाका. 1964 चं मतदान आणि 1973 चं प्रशिक्षकांचं मतदान शेवटच्या बोल सामन्याआधीच, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्याआधीच, उरकलं होतं. नंतर अलाबामा तो सामना हरला, एकदा टेक्ससकडून 21-17 आणि एकदा नोत्र दामकडून 24-23. तीही दोन खोडा. 1936 मध्ये प्रेसचं मतदान सुरू झालं, त्याआधीची चारही खोडा. उरली 11. 1978 चं प्रशिक्षकांनी सदर्न कॅलिफोर्नियाला दिलं होतं, म्हणून हवं तर ते अर्धं धरा. प्रेसची विजेतेपदं मोजली तर दुसऱ्या नंबरावर असलेल्या नोत्र दामकडे, काहीही न खोडता, 8 आहेत.

खोडायचंच असेल तर 1966 पण बघा. अकरा सामने, अकरा विजय, शेवटच्या सामन्यात नेब्रास्काचा 34-7 असा फडशा. तरी मतदानात तिसरा क्रमांक. पहिले दोन कोण? नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट, जे एकमेकांशी 10-10 असे बरोबरीत सुटले होते. गंमत म्हणजे, ज्यांच्यावर हावरटपणाचा आरोप आहे त्या विद्यापीठाने हे वर्ष आपल्या 18 मध्ये धरलेलंच नाही.

आता लिंबूटिंबू. नोव्हेंबरमध्ये, ऑबर्न या राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या खडाजंगीच्या आधीच्या आठवड्यात अलाबामा बऱ्याचदा मर्सर, चॅटनूगा, वेस्टर्न कॅरोलायना अशा खालच्या श्रेणीतल्या संघाला घरी बोलावतो. पाहुण्यांना मार आणि घसघशीत रक्कम, दोन्ही मिळतं. 2017 मध्ये मर्सरविरुद्ध 56-0 झाले. अशा दुपारी लाखभर आसनांच्या त्या स्टेडियममध्ये मध्यंतरानंतर विद्यार्थ्यांच्या बाकड्यांवर नुसते रिकामे पेले उरतात. तिकिटाचे पैसे मोजून हा प्रकार बघणाऱ्याने शिव्या घातल्या तर माझी हरकत नाही. (मात्र लिंबूटिंबूही कधीतरी चावतो. 2007 मध्ये, प्रशिक्षक निक सेबन यांच्या इथल्या पहिल्याच हंगामात, लुइझियाना-मन्रोने इथे येऊन 21-14 असं हरवलं होतं.)

पण विजेतेपदं त्या सामन्यांच्या जोरावर मिळाली, हे साफ खोटं. त्याचा पुरावा 2020. कोविडमुळे साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी या अलाबामाच्या विद्यापीठ-समूहाने, बाहेरचे सगळे सामने रद्द केले. एकही लिंबूटिंबू नाही, दहाच्या दहा सामने एसईसीच्या संघांशी. अलाबामाने दहाही जिंकले. मग कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाला 52-46, उपांत्य सामन्यात नोत्र दामला 31-14 आणि शेवटी ओहायो स्टेटला 52-24. वेळापत्रकातलं पाणी काढल्यावर दूध जास्तच दाट निघालं. शिवाय इतर वर्षांतही घरचेच शेजारी काय दर्जाचे होते? 2006 ते 2012 ही सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं एसईसीच्या संघांनी जिंकली. त्यातले एलएसयू (लुइझियाना स्टेट) आणि ऑबर्न त्या काळी एसईसीतल्या अलाबामाच्याच गटातले, दरवर्षी गाठ पडणारे.

दुसऱ्याच्या अंगणाचा मुद्दा मात्र पोस्टवाल्यांचा अर्धा खरा आहे. 2011 मध्ये पेन स्टेटला जाऊन 27-11 असं जिंकल्यावर, थेट 2022 मध्ये टेक्ससला जाईपर्यंत, एसईसीबाहेरच्या कुणाच्याही घरच्या मैदानावर हा संघ गेला नाही. हंगामाची सलामी बहुतेकदा अटलांटा नाहीतर डॅलसजवळच्या आर्लिंग्टनला. सदर्न कॅलिफोर्नियाला 52-6, मिशिगनला 41-14, विस्कॉन्सिनला 35-17 असं धुतलं हे खरं, पण मैदान तटस्थ आणि दक्षिणेतलंच. सेबन यांनी ही सोय बघितली, नाही कशाला म्हणू?

मागच्या दाराबद्दल फार बोलायला नको. दोन्ही वर्षी एसईसीतला आपला गट न जिंकता विजेतेपदासाठी खेळायची संधी मिळाली, आणि 2011 मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या चाहत्यांना राग आला तो समजू शकतो. पण आत गेल्यावर काय झालं? ज्या एलएसयूकडून आधी 9-6 असा पराभव झाला होता, त्यांना अंतिम सामन्यात 21-0. अख्ख्या सामन्यात एलएसयूने मैदानाची मधली रेघ एकदाच ओलांडली. 2017 लाही आधी क्लेमसन आणि मग जॉर्जिया, दोघांनाही हरवूनच चषक आला.

खरा वर्मी लागणारा मुद्दा या पोस्टमध्ये नाहीच, आणि त्याचं मला आश्चर्य वाटतं. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांची 1961, 1964 आणि 1965 ची विजेतेपदं निव्वळ गोऱ्या संघाने मिळवलेली आहेत. 1967 पर्यंत एसईसीत एकाही संघाकडून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला नव्हता. म्हणजे कॉन्फरन्समधले प्रतिस्पर्धीही तसेच. त्या काळच्या वेळापत्रकाला दुबळं म्हणायचं असेल तर कारण हे आहे. मर्सर आणि चॅटनूगा फार नंतरचे. इथे माझ्याकडे बचाव नाही.

एवढंच सांगतो की 1970 ला हंगामात अकरावा सामना खेळायची मुभा मिळाली, तेव्हा ब्रायंट यांनी सदर्न कॅलिफोर्नियाचे प्रशिक्षक जॉन मके या आपल्या मित्राला गाठून तो सामना ठरवला. सप्टेंबरमध्ये आमच्या बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर तो संघ आला. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने 135 यार्ड धाव घेतली, दोन टचडाउन केले आणि अलाबामा घरच्या लोकांसमोर 42-21 असा हरला. विल्बर जॅक्सन हा अलाबामाचा शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू तेव्हा विद्यापीठात होता, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची परवानगी नव्हती. पुढच्या वर्षी परतीचा सामना लॉस एंजेलिसला झाला. जॉन मिचेल हा कृष्णवर्णीय खेळाडू अलाबामाकडून मैदानात उतरला, आणि अलाबामा 17-10 असा जिंकला, दुसऱ्याच्या अंगणात.