शांघायवर लेख कसा पाडावा

शांघायला निघालात? मग लेख विमानातच उरकून टाका. तिथे पोचल्यावर आधी ठरवलेलं काहीच जुळत नाही आणि उगाच खाडाखोड करावी लागते. शीर्षकात 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' हवाच. दुबईच्या लेखालाही हेच दिलं होतं? असू द्या, वाचक कुठे लक्षात ठेवतात!

पहिला फोटो जिंगआन मंदिराचा. सोनेरी छपरं, उदबत्त्यांचा धूर, मागे काचेच्या इमारती, पायाखाली मेट्रो. खाली ओळ टाका, 'शतकानुशतकं हे मंदिर तसंच उभं आहे.' माओच्या सांस्कृतिक क्रांतीत इथे प्लास्टिकचा कारखाना होता, १९७२ साली सगळं जळून गेलं आणि आज दिसतं ते नंतरचं बांधकाम, असं कुणी सांगू लागलं तर धुराने डोळे चुरचुरताहेत म्हणून बाजूला व्हा. नदीपलीकडचा ओरिएंटल पर्ल टॉवर १९९४ चा. मंदिराचा मनोरा त्याच्याही नंतरचा. पण वाचकाला इतक्या खोलात कशाला न्यायचं?

मग एखाद्या गल्लीत झोपायच्या पायजम्यावरच भाजी आणायला निघालेले आजोबा गाठा. २०१० च्या जागतिक प्रदर्शनाआधी सरकारने 'पायजम्यात रस्त्यावर येऊ नका' अशी मोहीमच काढली होती. त्यामुळे आजोबांना 'परंपरेचा शेवटचा शिलेदार' म्हणता येईल. पैसे मात्र ते मोबाइलने कोड स्कॅन करून देतील. तेवढ्यापुरता कॅमेरा खाली घ्या.

शनिवार-रविवारी पीपल्स पार्कमध्ये जाच. तिथे उघड्या छत्र्या जमिनीवर ओळीने ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर एकेक कागद लावलेला: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट आहे की नाही. मागे आईवडील बसलेले. ज्याचं लग्न जमवायचंय तो मुलगा किंवा मुलगी बहुधा तिथे नसतेच. इथे तुम्ही हादरायचं आहे. 'माणसाचा असा बाजार!' हे वाक्य उद्गारचिन्हासकट लिहा. ते लिहिताना मावशीने व्हॉट्सअॅपवर धाडलेला भाच्याचा बायोडेटा ('निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा टू बीएचके') उघडू नका. त्याला उत्तर द्यायचं राहिलंय, ते नंतर बघू.

संध्याकाळी बंडवर, म्हणजे जुन्या इमारतींच्या नदीकाठच्या रस्त्यावर, उभं राहायचं ते नदीकडे तोंड करून. पलीकडे ६३२ मीटरचा शांघाय टॉवर झगमगत असतो; भविष्य, महासत्ता वगैरे शब्द आपोआप सुचतात. मागे वळू नका. मागे हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल आहे. १९२९ साली ते व्हिक्टर ससूननी बांधलं. हो, तेच ससून: मुंबईतल्या ससून डॉकचे, पुण्यातल्या ससून रुग्णालयाचे. या घराण्याने मुंबईहून चीनला कापूस पाठवला आणि अफूही. हे एकदा लेखात शिरलं की 'आम्ही आपले तटस्थ परके' ही भूमिका गोत्यात येते, आणि मग वाचक विचारतात की अफू पिकवली कुणी, जहाजात चढवली कुणी. तेव्हा पलीकडचे दिवे मोजा, सेल्फी काढा आणि शब्दमर्यादा संपली म्हणून संपादकाला कळवा.