व्हीलचेअर कॅन्सल कर म्हणे

सकाळी साडेसातला आईचा फोन. मी डबे भरत होते, फोन खांद्यात पकडून. "अगं, ते व्हीलचेअरचं सांगितलंयस ना तू, ते कॅन्सल करता येतं का गं?" (पुढच्या महिन्यात दादाकडे अमेरिकेला चाललीये ती, विमानतळावर तिच्यासाठी मी व्हीलचेअर सांगून ठेवलीये.) म्हटलं का, काय झालं? "काही नाही गं, मला चालता येतं की. उगाच कशाला." आता आई "उगाच कशाला" म्हणाली की समजायचं कोणीतरी काहीतरी बोललंय.

ट्रेनमध्ये बसल्यावर शोधलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर रात्री अकराला एका काकांनी तो व्हिडिओ टाकलाय. तुम्हालाही आला असणारच, फिरतोय सगळीकडे. विमानाच्या दारापाशी व्हीलचेअरची ही लांब रांग, त्यात साड्या, वर स्वेटर, कानटोप्या, पायात पांढरे बूट, आणि खाली लिहिलंय "अमेरिकेत उतरले की सगळे चालायला लागतात, देवाचा चमत्कार!!" त्यावर हसून हसून रडणारे इमोजी. अकरा जणांनी अंगठे दिलेत. त्यातल्या तिघांच्या आया-सासवा याच व्हीलचेअरवरून न्यूजर्सीला जाऊन बाळंतपणं काढून आल्यात. नावं घेत नाही, वाचतायत ते.

आणि माझी आई, वय वर्षं 75, त्याच ग्रुपवर आहे. तिने तो व्हिडिओ बघितला, काही बोलली नाही, रात्रभर मनात ठेवला आणि सकाळी मला फोन केला. म्हणून लिहितीये. लांबलंय, माहितीये, नका वाचू नको तर.

2017 ची गोष्ट सांगते. ज्यांना माहितीये त्यांनी परत ऐका.

आई पहिल्यांदा दादाकडे बॉस्टनला चालली होती, एकटी. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिकीट लंडनवरून, हीथ्रोला विमान बदलायचं. मी तेव्हाही म्हटलं होतं व्हीलचेअर सांगूया, तर बाई भडकली. "मी काय लंगडी आहे का? तीस वर्षं डोंबिवली-सीएसटी केलंय मी, दादरच्या पुलावर डोळे मिटून चालेन." खरंच होतं ते. आठ तेराच्या फास्टला लटकून गेलेली बाई आहे ती, तिला कोण विमानतळाची भीती घालणार.

मग आम्ही वही केली. शंभर पानी, रेघांची. दादा तिकडून फोनवर सांगायचा आणि मी स्केचपेनने मोठ्या मोठ्या अक्षरात मराठीत लिहायचे, एका पानावर एकच गोष्ट. पान एक, मुंबई, टी टू म्हणजे टर्मिनल दोन, चौथा मजला. पान दोन, इमिग्रेशनला काय विचारतील आणि काय सांगायचं. पान चार अख्खं जांभळं रंगवलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं "जांभळी पाटी. फक्त जांभळी. पिवळीकडे बघायचंसुद्धा नाही." कारण हीथ्रोला बाकीच्या पाट्या पिवळ्या आणि विमान बदलणाऱ्यांसाठीच्या जांभळ्या. ज्याने कोणी हे ठरवलंय ना त्याला माझा साष्टांग नमस्कार, इंग्रजी न वाचता येणाऱ्या माणसाला रंग तरी वाचता येतो. आईने तर जांभळ्या रंगाचाच टॉवेल हॅन्डबॅगेला बांधला, मॅचिंग करायला. मधेच तिचा प्रश्न, हीथ्रोला टर्मिनल दोन आहे, तीन आहे, चार आहे, पाच आहे, मग एक कुठे गेलं? ते 2015 लाच बंद झालंय म्हटल्यावर म्हणाली, बंद केलं तर नंबर नको का बदलायला. (नंबर बदलले की काय होतं ते सांगते पुढे, दादरचं.)

तर सगळं नीट झालं. टर्मिनल पाचला उतरली, जांभळ्याच्या मागे मागे गेली, विमानतळातल्या आतली ती छोटी ट्रेन पकडली, सिक्युरिटीला पाटल्या वाजल्या, त्या साबण लावूनही निघत नाहीत असं तिने मराठीतच त्या गोऱ्या बाईला सांगितलं आणि तिला कळलंसुद्धा म्हणे. मग वर मोठ्या हॉलमध्ये पोचली. आणि मग वहीचं पान सात. त्यावर मी लिहिलं होतं "गेट नंबर बोर्डवर बघणे."

बस. एवढंच लिहिलं होतं. शहाणे होतो ना आम्ही.

आता ज्यांनी तिथे विमान बदललंय त्यांना माहितीये, तिथे गेट नंबर आधीपासून लावत नाहीत, विमान सुटायच्या तासभर आधी वगैरे तो बोर्डवर येतो. बोर्डिंग पासवर नसतो काही. तुमच्याआमच्यासारखे काय करतात, कॉफी पितात, परफ्यूम फुकट मारून बघतात, मोबाईल बघत बसतात. माझ्या आईने काय केलं, ती बोर्डाखाली उभी राहिली. कारण वहीत लिहिलं होतं बोर्डवर बघणे. बॉस्टन दिसत होतं, वेळ दिसत होती, नंबर नव्हता. दोन तास. बसली नाही, कारण बसलं तर बोर्ड दिसत नव्हता. बाथरूमला गेली नाही, कारण तेवढ्यात नंबर लागला आणि गेला तर? वायफायला काहीतरी भरायला लागत होतं ते तिला जमलं नाही म्हणून फोन बंद. हातात वही आणि डोकं वर.

इकडे मी ठाण्यात ऑफिसमध्ये, दादा तिकडे पहाटेचा जागा, दोघं एकमेकांना "आला का मेसेज" विचारतोय.

तीन वाजता मला एक फोन आला, प्लस चव्वेचाळीसवाला, इंग्लंडचा नंबर. उचलला तर आई. "अगं मी हरवले नव्हते हं, नंबरच लागला नव्हता."

झालं असं होतं की तिथे झाडू मारणारी एक पंजाबी बाई होती, आईपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असेल. ती गाडी ढकलत तीनदा तिथून गेली, तिन्ही वेळा ही बाई तशीच उभी. चौथ्यांदा थांबली. "बहनजी, कित्थे जाणा?" आईने वही दाखवली. वही मराठीत! पण बोर्डिंग पास मधे ठेवला होता, तो बघून तिने आईला आधी बाथरूमला पाठवलं, तोवर बोर्डाकडे मी बघते म्हणाली. मग बसवलं. मग नंबर लागला तो निघाला सी गेटचा. म्हणजे परत खाली, ते खोल खोल जाणारे सरकते जिने, परत तीच छोटी ट्रेन, पहिलं स्टेशन बी, त्याच्यापुढे सी, वीस मिनिटं धरून चालायचं असतं ते. ती बाई तिला ट्रेनपर्यंत घेऊन गेली, सरकत्या जिन्यावर एका हाताने आईच्या निऱ्या धरून उभी राहिली. आणि ट्रेन यायच्या आधी स्वतःच्या फोनवरून मला फोन लावून दिला. आंतरराष्ट्रीय फोन, तिच्या पैशाने.

तिचं नाव आईने विचारलं नाही. अजून हळहळते त्याबद्दल.

आता मला सांगा, त्या दिवशी आईच्या पायांना काय झालं होतं? काहीही नाही. दोन तास उभी राहिली ती, दुखणं असतं तर राहिली असती का? तिला चाकांची गरज नव्हती, त्या बाईची होती. आणि ती बाई तिकीट काढताना कुठल्या खिडकीवर मागायची? व्हीलचेअरचे प्रकार असतात, प्रत्येकाला कोड, डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने चढवत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबातच चालता येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागतं. "चालता येतं पण कुठे चालायचं ते कळत नाही" याचा कोड यात दाखवा मला. सोबतीला माणूस मिळतो, मीट अँड असिस्ट म्हणून, पण बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे, आणि असं काही असतं हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये? व्हीलचेअर फुकट असते आणि ती सगळ्यांना माहीत असते. तर लोक काय मागणार? जे माहितीये तेच मागणार ना.

हो, मला कळतंय खाली कमेंटमध्ये काय येणार. काही लोक फक्त रांग चुकवायला व्हीलचेअर घेतात आणि ज्यांना खरंच उभं राहवत नाही ते ताटकळतात. खरंय. माझ्या ऑफिसातल्या एकाचे वडील, खुब्याचं ऑपरेशन झालेले, एका विमानतळावर पाऊण तास बसून होते खुर्चीची वाट बघत. मान्य. ते चूकच आहे. पण मग त्या चुकीवर चिडा ना, कानटोपी घातलेल्या म्हाताऱ्यांवर काय हसताय. व्हिडिओत कोण रांग चुकवणारा आणि कोण माझी आई हे तुम्हाला कसं कळलं? कपाळावर लिहिलेलं असतं का?

आणि ज्या काकांनी तो टाकलाय ना, ते इंजिनियर. 2018 ला बंगळूरला निघाले तर "डोमेस्टिक म्हणजे सांताक्रूझ" असं ठरवून टी वनला जाऊन उभे राहिले. विमान टी टूवरून होतं, सहारला, बाहेरून रस्त्याने चार-पाच किलोमीटर. टी टूवरून देशातली विमानं सुटायला लागूनही बराच काळ झाला होता, तिकिटावर टी टू छापलं होतं, इंग्रजीत, जे त्यांना उत्तम येतं. रिक्षावाल्याशी भांडत, घामाघूम होत पोचले. तेव्हा कोणी व्हिडिओ नाही काढला. आता तर नवी मुंबईचंही सुरू झालंय, 25 डिसेंबर 2025 पासून, म्हणजे काकांना चुकायला अजून एक जागा.

आणि दादर! डिसेंबर 2023 मध्ये दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, वेस्टर्नचे तेच राहिले आणि सेंट्रलचे आठपासून पुढे चौदापर्यंत गेले. आठवतंय का तुम्हाला, आपण सगळे रोज जाणारे येणारे, पुलावर मधोमध थांबून पाट्या वाचत होतो? सगळी मराठीत, सगळी आपल्या ओळखीची जागा, आणि तरी मी स्वतः चुकीच्या जिन्याने उतरलेय दोनदा. तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "विचारायचं गं कोणालाही, लाज कसली." स्वतःला मात्र ते लागू नाही.

जाऊ दे. थोडी शांत होते. चहा घेऊन आले.

2022 ला परत गेली तेव्हा मी तिला न विचारता व्हीलचेअर टाकली. मुंबईहून निघताना टी टूवर सोडायला गेलो तर तोंड फुगवून बसली खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट. ढकलणारा मुलगा खेडचा निघाला. "आज्जी, पाय आत घ्या, साडी अडकेल." बाहेरून काचेतून जेवढं दिसलं तेवढं मी बघितलं, मग ते आत गेले. पुढचं आईने सांगितलं. इमिग्रेशन झाल्यावर त्या मुलाने विचारलं वेळ आहे, भिंत दाखवू का? ते तिथे आहे ना, "जय हे" म्हणतात ते, हजारो जुन्या वस्तू लावलेल्या भिंतीवर, लाकडी दारं, खांब, मूर्ती. टी टू सुरू झालं 2014 ला तेव्हापासून आहे आणि आपण सगळे त्याच्यासमोरून ट्रॉली पळवत ड्युटी फ्रीला जातो. माझ्या आईने ते नीट बघितलं, बसून, एका मुलाने हळूहळू ढकलत नेऊन दाखवलं. एक जुना दरवाजा आमच्या आजोळच्या वाड्यासारखा होता म्हणे, कडी तशीच. त्या मुलाला तिने दोन खोबऱ्याच्या वड्या दिल्या, टिशूत गुंडाळून. लंडनला तर नावाची पाटी घेऊन माणूस उभा होता. गेट सी आलं, बी आलं, काही आलं तरी त्याला माहीत. वही पर्समध्येच राहिली.

आणि हो, बॉस्टनला उतरल्यावर ती खुर्चीतून उठली आणि चालत नातवाकडे गेली. चमत्कार! काढा व्हिडिओ. तिला तिथे दादा दिसत होता समोर, अजून कशाला बसेल ती खुर्चीत?

खरं सांगायचं तर मला काकांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आलाय. त्या पान सातचा. आम्ही दोघं मुलं शिकलेली, दादा वर्षाला दोनदा तिथून जातो, आणि त्याला हे सांगायचं सुचलं नाही की नंबर उशिरा लागतो, तोवर बस, पाणी पी, बाथरूमला जा. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. आपल्याला जे येतं ते आपल्याला कधीच कठीण नव्हतं असं वाटायला लागतं ना, तसं. लंडनच्याच गॅटविक विमानतळावर 2016 ला ती सूर्यफुलाच्या पट्ट्याची पद्धत सुरू झाली, गळ्यात हिरवा पट्टा, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की या माणसाची अडचण बाहेरून दिसत नाही, जरा वेळ द्या. आईची अडचण म्हणजे काही आजार नाही, मला माहितीये. पण दिसत नाही हे तर खरं.

असो. परत जातीये ती पुढच्या महिन्यात 14 तारखेला, परत लंडनवरून. आत्ता संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आले तर डायनिंग टेबलवर नवीन वही. स्वतःच लिहीत होती, चष्मा नाकावर, जांभळं स्केचपेन समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीकडून आणलेलं. पान सातवर लिहिलंय "नंबर उशिरा लागतो. बसणे. बाई दिसल्यास विचारणे."

मला विचारलं, केलंस का कॅन्सल? म्हटलं हो केलं.

नाही केलेलं. कोणी तिला सांगू नका, आणि काका, तुम्ही तर अजिबातच नाही.